चौगुल्यांचं सोंग

पारिसा चौगुले आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचे असिस्टंट होते आणि मी शेजारच्या ग्रंथालयात. मध्ये एक भिंत, भिंतीत एक दार, आणि ते दार कायम उघडं. अकरा वर्षं आम्ही त्या दाराच्या दोन बाजूंना बसलो. इतक्या वर्षांत शेजारचा माणूस कळतो असं मी धरून चालले होते. एका महिन्यात हा समज दोनदा मोडला, आणि अजूनही ते आठवलं की मी हातातलं काम बाजूला ठेवून नुसती बसून राहते.

चौगुले इचलकरंजीजवळच्या कबनूरचे. रोज एसटीनं यायचे आणि शिपाई कुलूप काढायच्या आधी लॅबच्या दारात उभे असायचे. पांढरा हाफ शर्ट, काळी पँट. त्यांच्या अंगावर तिसरा रंग मी कधी पाहिला नाही. मला वाटायचं, साधा माणूस आहे. उंचीनं बेताचे, पण आवाज असा की ते लॅबमध्ये हळू बोलले तरी ग्रंथालयात वाचणाऱ्या मुली माना वर करायच्या. जैन घरातले असल्यामुळे दिवेलागणीच्या आत जेवायचं असायचं, म्हणून पाच वाजता दुसरा डबा उघडायचे आणि त्यातली एक भाकरी न विचारता माझ्या टेबलावर आणून ठेवायचे. मला अक्का म्हणायचे. मी त्यांच्याहून चारच वर्षांनी मोठी, पण पहिल्या दिवसापासून अक्काच.

बोलायला फटकळ. एकदा मशीन सुरू होत नाही म्हणून एका प्राध्यापकांनी लॅबमध्ये बराच आरडाओरडा केला. चौगुले आले, टेबलाखाली वाकले, उठले आणि म्हणाले, "मशीन चांगलं हाय सर, तुमी पिन लावली न्हाय." एवढं बोलून ते परत जागेवर. कीबोर्ड बडवणाऱ्या मुलाला ते लांबून सांगायचे, पावणं, तबला न्हाय त्यो. मुलं त्यांना घाबरायची नाहीत, पण त्यांच्यापुढे खोटंही बोलायची नाहीत.

त्यांची एक सवय मात्र मला फार आवडायची. ते रंग विचारायचे. लॅबमधल्या मशीनना जोडायची केबल तयार करताना आत आठ बारीक तारा असतात, आठ रंगांच्या, आणि त्या ठरलेल्या क्रमानं बसवाव्या लागतात. त्या तारा सुट्या करून चौगुले दारातून हाक मारायचे, "अक्का, जरा येतासा काय?" मी गेले की विचारायचे, ह्यातली शेंदरी कंची, हिरवी कंची. मी बोट लावायची, ते तार वाकवून बाजूला घ्यायचे. विद्यार्थी समोर असले तर त्यांनाच विचारायचे, आणि मुलांना वाटायचं सर परीक्षा घेतात. मलाही तसंच वाटायचं.

पण नुसत्या तारा नाहीत. नव्या पुस्तकाचं कव्हर, माझी साडी, डब्यातली चटणी, खिडकीतून दिसणारं गुलमोहराचं झाड, काहीही दाखवून विचारायचे, ह्यो रंग कंचा म्हनायचा? माझ्या वडिलांचं शिवाजी पेठेत साड्यांचं दुकान होतं. लहानपणी मी गादीवर बसून गिऱ्हाइकांना रंग सांगायची, त्यामुळे मला नुसतं हिरवा आणि लाल म्हणून भागत नाही. मी सांगायची, हा आमसुली, हा गाजरी, हा काकवीचा, ही मेंदी, पण वाळलेली. चौगुले खिशातली छोटी वही काढून लिहून घ्यायचे. मला वाटायचं, शब्दांचा नाद आहे माणसाला. ग्रंथालयात काम करणाऱ्या बाईला असं वाटून बरंच वाटतं.

मग तो सेमिनारचा दिवस आला.

पुण्याहून एक बाई आल्या होत्या. त्या मोबाइलवरचे आणि कॉम्प्युटरवरचे गेम तयार करायच्या. मोठ्या हॉलमध्ये मुलं गच्च बसलेली, पहिल्या रांगेत प्राचार्य आणि सगळे विभागप्रमुख, आणि मागे प्रोजेक्टरपाशी स्टुलावर चौगुले. बाई सांगत होत्या की गेममधल्या पात्राचं रूप, म्हणजे चेहरा, केस, कपडे, याला स्किन म्हणतात आणि ती मुलांना स्वतःची स्वतः रंगवता येते. त्यांनी पडद्यावर एक साइट उघडली. एका बाजूला चौकटीचौकटींचा कागद, दुसऱ्या बाजूला ठोकळ्यांचा माणूस. चौकटीत रंग भरला की तो लगेच त्या माणसाच्या अंगावर दिसे. रंगावर बाण नेला की रंगाचं नाव इंग्रजी अक्षरांत उमटे.

बाई म्हणाल्या, अशा साइट पुष्कळ आहेत, पण मी मुलांना हीच सांगते. फुकट आहे, नाव-गाव विचारत नाही, एकही जाहिरात नाही, जुन्यातल्या जुन्या मशीनवर चालते. कोणी केली ते कुठे लिहिलेलं नाही. नाव आहे 'सॉन्ग', म्हणजे परदेशातला कोणी गाण्याबजावण्यातला माणूस असावा. असं बोलत त्या खोडायचं बटण शोधत होत्या आणि ते काही सापडत नव्हतं.

मागून आवाज आला, "डावीकडं वर बघा मॅडम. परवा तिथं नेलंय."

बटण तिथं होतं. बाईंनी हसून विचारलं की तुम्हीही वापरता वाटतं.

"मीच नेलंय तिथं," चौगुले म्हणाले. "आन् ते सॉन्ग न्हाय. सोंग हाय. इंग्रजीत लिवलं की गाणं हुतंय, त्याला माझा इलाज न्हाय."

बाईंना आधी चेष्टा वाटली. त्यांनी दोन-तीन अवघड प्रश्न विचारले, चौगुल्यांनी स्टुलावर बसूनच उत्तरं दिली, आणि मग त्या बाई हातातला माइक टेबलावर ठेवून हॉलच्या मागपर्यंत चालत गेल्या आणि त्यांनी चौगुल्यांना वाकून नमस्कार केला. आमचे विभागप्रमुख, जे त्यांना "अरे चौगुले" म्हणायचे, ते एकदा पडद्याकडे आणि एकदा स्टुलाकडे बघत होते. मी कधी उभी राहिले ते मलाच कळलं नाही. रोज माझ्या टेबलावर भाकरी ठेवणारा माणूस देशोदेशीच्या मुलांना कपडे चढवत होता आणि मला पत्ता नव्हता.

त्या संध्याकाळी मी दारात जाऊन त्यांना जाब विचारला. भाकरी मोडत त्यांनी सांगितलं की मुलगी राजमती लहान असताना तिला शाळेच्या युनिफॉर्मातली स्किन हवी होती. दुसऱ्या साइटवर गेलं की मध्येच नको ती जाहिरात उघडायची, पोरीसमोर मान खाली घालायची वेळ यायची. म्हणून स्वतःच्या जुन्या लॅपटॉपवर, सुट्टीत आणि जेवणाच्या वेळेत, शिकत शिकत दोन वर्षांत ते उभं केलं. किती मुलं वापरतात विचारलं तर म्हणाले, मोजत न्हाय. पण मुलांच्या मेल येतात, कुठल्या कुठल्या भाषांतल्या, त्या मशीनकडून मराठी करून घ्यायच्या आणि प्रत्येकाला दोन ओळींचं उत्तर द्यायचं. मला का नाही सांगितलं, या प्रश्नावर त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, सांगितलं असतं की, पर एक सांगितलं की दुसरं सांगाय लागलं असतं. ते दुसरं काय, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

कॉलेजला जाग यायला आठवडा पुरला. संस्थेच्या अध्यक्षांनी सत्कार ठरवला. मांडवात फलक लागला, त्यावर 'सोंग' हे नाव आणि खाली 'आमच्या संस्थेची निर्मिती'. चौगुल्यांना कोणी विचारलं नव्हतं. फलक बघून ते म्हणाले, ह्यांनी कवा निर्मिली? पण नंतर गप्प राहिले, कारण बायको आणि मुलगी पहिल्या रांगेत येऊन बसल्या होत्या. सुनंदावहिनी नवी साडी नेसून आल्या होत्या. राजमती आता बारावीत. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मलाच भरून येत होतं.

अध्यक्षांनी चौगुल्यांना फेटा बांधला, शाल घातली, आणि ते बोलायला उभे राहिले. बराच वेळ बोलले. चौगुल्यांच्या साइटवरचे रंग म्हणजे कमाल आहे, म्हणाले. प्रत्येक रंगाला केवढं नेमकं नाव, केवढी बारीक छटा, काय नजर आहे या माणसाची, अशी नजर लाखात एकाला असते. टाळ्या झाल्या. मग चौगुल्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. माझी अपेक्षा होती की ते आभार मानून बसतील.

ते माइकसमोर आले आणि जरा वेळ फेटा नीट करत उभे राहिले.

"अध्यक्षसाहेब नजर म्हनाले, म्हणून बोलतो. न्हायतर बोललो नसतो. नजर माझी न्हाय. मला लाल आन् हिरवा एकच दिसतो. तपकिरी, शेंदरी, ते बी त्यातच. जन्मापासनं तसंच हाय. त्या साइटवर रंगांची नावं हायत, ती ग्रंथालयातल्या अक्कांनी सांगितलेली हायत. अकरा वरसं मी त्यांना विचारत आलो, त्या सांगत आल्या. त्यांना बी ठावं न्हाय कशासाठी. सत्कार करायचा तर त्यांचा करा."

आणि ते खाली बसले.

सगळा मांडव माझ्याकडे वळून बघत होता आणि मी सुनंदावहिनींकडे. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनाही माहीत नव्हतं. एकोणीस वर्षांचा संसार, आणि त्यांना माहीत नव्हतं. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कोणालाच कळेना. शेवटी सूत्रसंचालकानं घाईघाईनं चहापानाची घोषणा केली.

मांडवाच्या मागे वहिनी नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्या रागावतील किंवा रडतील असं मला वाटलं. त्यांनी फक्त विचारलं, "लग्नाचा शालू तुमीच पसंत केलतासा की. हिरवा पाहिजे म्हणून."

"तुझी आई हिरवा म्हनाली," चौगुले म्हणाले, "मी व्हय म्हनालो."

वहिनींनी हात वर करून नवऱ्याच्या डोक्यावरचा वाकडा झालेला फेटा सरळ केला. राजमती बापाच्या दंडाला धरून उभी होती. ती म्हणाली, "म्हणून माझ्या पहिल्या स्किनचं तोंड हिरवं झालंतं काय अप्पा? मी किती हसले होते तुम्हाला." त्यावर चौगुल्यांनी मान हलवली. तेव्हाच ठरवलं होतं, म्हणाले, रंगावर नाव लिवायचं, म्हंजे कुणाचं पोरगं कुणाला हसनार न्हाय.

त्या दिवशी त्यांनी बाकीचंही सांगितलं. लहानपणी वडिलांच्या पॉवरलूमवर आडव्या धाग्याला हिरव्या सुताचा कोन, म्हणजे मोठं रीळ, लावायचा तो त्यांनी तपकिरी लावला. निम्मं कापड विणून झाल्यावर कळलं. लक्ष नाही म्हणून वडिलांनी सगळ्या कामगारांसमोर मारलं. पुढे सैन्याच्या भरतीत धावले, उड्या मारल्या, सगळ्यात पास झाले, आणि शेवटी ठिपक्यांचं पुस्तक समोर आलं. पुढच्या मागच्या सगळ्यांना त्यात आकडा दिसला. यांना नुसते ठिपके. तिथं पहिल्यांदा कळलं की आपल्या डोळ्यांत काहीतरी वेगळं आहे. घरी येऊन सांगितलं की उंची कमी पडली. कॉलेजात नोकरी लागताना कोणी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. तारांचं काम आहे, कळलं तर घेणार नाहीत, ही भीती. म्हणून मग अक्का, जरा येतासा काय.

घरी जाऊन मी ती साइट उघडली. पुष्कळ भाषांच्या यादीतलं मराठीचं बटण दाबलं आणि रंगांची यादी वाचत बसले. आमसुली. गाजरी. काकवीचा. विटकरी, ओला. एका हिरव्यावर बाण नेला आणि अक्षरं उमटली, 'मेंदी, पण वाळलेली'. जशी मी बोलले होते तशीच, मधल्या स्वल्पविरामासकट. कुठल्या देशातलं पोर आत्ता या क्षणी हा रंग कोणाच्या तरी बाहीला लावत असेल, या विचारानं मी यादी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली. नवऱ्यानं विचारलं काय झालं. मी पडदा त्याच्याकडे वळवला.

सत्काराला तीन दिवस झाले आणि चौगुल्यांना नोटीस आली.

मी ती स्वतः वाचली म्हणून विश्वास ठेवला. नोकरीच्या वेळी शारीरिक दोष लपवला, तांत्रिक काम करताना विद्यार्थ्यांची सुरक्षितता धोक्यात घातली, म्हणून चौकशी होईपर्यंत लॅबमध्ये पाऊल टाकायचं नाही, तळघरात जुन्या उत्तरपत्रिकांच्या खोलीत बसायचं. दुसरा कागद वेगळा होता. 'सोंग' हे कॉलेजच्या वेळेत आणि कॉलेजच्या साधनांवर तयार झालं असल्यामुळे ते आठ दिवसांत संस्थेच्या ताब्यात द्यावं. दोन्ही कागदांवर एकाच माणसाची सही. शाल घालणारा हात तोच.

चौकशी समितीनं मला बोलावलं. विचारलं, तुम्हाला हे ठाऊक होतं का. मी नाही म्हणाले. मग एक सदस्य म्हणाले की तर मग चौगुल्यांनी तुमचीही फसवणूक केली असं लिहून द्या. मी म्हणाले, लिहून देते, पण मला जे माहीत आहे ते लिहीन. अकरा वर्षांत या माणसानं जोडलेली एकही तार चुकलेली नाही, कारण डोळ्यांवर भरवसा असणारे आपण एकदा बघतो आणि हा माणूस दोघांना विचारून तिसऱ्यांदा तपासतो. तो कागद मी सही करून दिला. पुढे अहवालात तो कुठे दिसला नाही.

सहाव्या दिवशी अध्यक्षांनी चौगुल्यांना केबिनमध्ये बोलावून साइट दिली का विचारलं. मी त्या वेळी तिथं सहीसाठी फाइल घेऊन उभी होते. चौगुले म्हणाले, "दिली की. सगळ्यांनाच दिली."

त्यांनी 'सोंग'मागचा सगळा कोड, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, इंटरनेटवर उघडा करून ठेवला होता. कोणीही घ्यावा, बदलावा, चालवावा, फक्त पैसे घेऊ नयेत आणि रंगांची नावं काढू नयेत. दोन दिवसांत त्याच्या प्रती कुठे कुठे जाऊन पोचल्या होत्या. अध्यक्षांना आधी ते समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता तसाच खाली ठेवला. चौगुल्यांनी खिशातून घडी घातलेला राजीनामा काढून त्या ग्लासाशेजारी ठेवला. मला विचारलं असतं तर मी त्यांना अडवलं असतं. पोरीचं कॉलेज सुरू व्हायचं होतं. म्हणूनच विचारलं नसावं.

आता ते कबनूरमध्येच एका डिझाइनच्या ऑफिसात आहेत. कापडाची वीण कशी बसवायची त्याचे नकाशे कॉम्प्युटरवर करतात. मागे फोन आला होता तेव्हा खुशीत होते. म्हणाले, हितं नकाशातली चौकट एकतर काळी न्हायतर पांढरी, कुणाला काय विचाराय लागत न्हाय. राजमतीनं डोळ्यांच्या तपासणीचा कोर्स घेतलाय. सुनंदावहिनी त्यांच्या शर्टांचे रंग निवडतात आणि ते तक्रार न करता घालतात. 'सोंग' चालू आहे.

पण मला ते आठवतात ते त्या शेवटच्या दुपारी. मी त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत गेले. तिथं वॉचमननं त्यांना थांबवलं. वरून हुकूम होता, चौगुल्यांची पिशवी तपासायची, काही बाहेर जाता कामा नये. अकरा वर्षं सगळ्यांच्या आधी येणारा माणूस. चौगुल्यांनी पिशवी खाली ठेवली, स्वतःच उघडली, दोन्ही डबे काढून उघडून दाखवले, छत्री झटकली, वही त्याच्या हातात दिली. म्हणाले, नीट बघ, उद्या तुला बोलणी नकोत. वॉचमननं वही न उघडता परत दिली आणि तो तोंड फिरवून उभा राहिला.

रस्त्यापलीकडे इचलकरंजीची गाडी लागली होती. चौगुले माझ्याकडे वळून नुसतं "येतो अक्का" म्हणाले आणि रस्ता ओलांडून गेले. गाडीला गर्दी होती, पण त्यांना खिडकी मिळाली. मी हात वर केला. त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी मोबाइल काढला होता आणि ओठ हलवत काहीतरी वाचत होते, मध्येच हसले, आणि मग एका बोटानं सावकाश, एकेक अक्षर शोधत, कुठल्या तरी मुलाला उत्तर लिहायला लागले. कंडक्टरनं घंटी दिली. गाडी वळणापर्यंत गेली तरी त्यांची मान खालीच होती.